वर्दी आधी पोचते

सुट्टी संपवून परत आलो की पहिल्या रात्री डॉर्मिटरीत एकच विषय असतो, कोण कुठे जाऊन आला. कुणी गोवा, कुणी मनाली, कुणी नुसतं मामाचं गाव. मागच्या वर्षी माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "भामरागड." क्षणभर सगळे गप्प. मग एक जण म्हणाला, "कुठला रे हा किल्ला? शिवनेरीच्या जवळ आहे का?" तेवढ्यात दिवे बंद करायची शिट्टी झाली आणि माझं उत्तर राहून गेलं. ते उत्तर आज मराठी विभागात लिहितो आहे.

भामरागड हा किल्ला नाही. महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातलं ते तालुक्याचं गाव आहे. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या तिथे एकत्र येतात. इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड. आजूबाजूच्या जंगलात राहतात ते माडिया गोंड. कातकरी, कोलाम आणि माडिया या महाराष्ट्रातल्या तीन आदिवासी जमातींना सरकारने विशेष संरक्षण हवं अशा जमातींमध्ये धरलं आहे. हे सगळं मी भूगोलाच्या पुस्तकात वाचलं असतं तर परीक्षेपुरतं लक्षात राहिलं असतं. पण मी तिथे एक चूक केली, म्हणून ते कायमचं लक्षात राहिलं.

आमचं घर बंगळुरूच्या इंदिरानगरमध्ये आहे. आई मूळची चंद्रपूरकडची. माझा धाकटा मामा भामरागड तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक आहे. तो दर दिवाळीला फोनवर म्हणायचा, "भाचेबुवा, एकदा या आमच्याकडे. तुमच्या बंगळुरात नाही ते दाखवतो." मी मनात म्हणायचो, इंदिरानगरमध्ये काय नाही? आमच्या गल्लीच्या टोकाला मेट्रो आहे, शंभर फुटी रस्त्यावर रात्री बारापर्यंत दुकानं उघडी असतात. थोडं पुढे उलसूर तलाव आणि त्याच्या जवळच मद्रास सॅपर्सचं केंद्र. लहानपणी तिथल्या जवानांना पहाटे धावताना बघूनच मी ठरवलं होतं की आपणही वर्दी घालायची.

डिसेंबर २०२४ मध्ये, मी नववीत असताना, हिवाळ्याच्या सुट्टीत शेवटी जायचं ठरलं. पहिल्यांदाच एकटा प्रवास. आईने तीन वेळा बॅग तपासली. सर्वांत वर मी माझं मिलिटरी रंगाचं चितकबरं जॅकेट ठेवलं होतं. ते शाळेचं नव्हतं. बाबांनी वाढदिवसाला बाजारातून घेऊन दिलेलं. ते घातलं की आरशात मी दोन वर्षांनी मोठा दिसायचो. "तिकडे जंगलात थंडी असते," असं मी आईला सांगितलं. खरं कारण थंडी नव्हतं, हे इथे कबूल करतो.

रात्री गाडीत बसलो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी बल्लारशाला उतरलो. मामा फलाटावर उभा होता. त्याने मला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला, मग जॅकेटकडे बघितलं.

"भाचेबुवा, हे पहिले काढून बॅगेत टाका."

"का? थंडी आहे."

"माझी शाल घे. हे इकडे चालत नाही. काऊन ते सांगतो तुले नंतर."

मला राग आला. सगळ्या फलाटासमोर जॅकेट काढायला लावलं म्हणून आलापल्लीपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो. रात्र तिथेच काढली. आलापल्लीचा साग प्रसिद्ध आहे. जवळच 'वनवैभव' नावाचा जंगलाचा एक तुकडा कुऱ्हाड न लावता जपून ठेवलेला आहे. सकाळी एसटीने निघालो. पेरमिली, ताडगाव अशी गावं मागे पडली आणि दोन्ही बाजूंनी जंगल रस्त्यावर येऊ लागलं. मध्येच काटेरी तारांची उंच कुंपणं आणि वाळूची पोती रचलेली पोलीस ठाणी दिसायची. सीमेवर असतात तशी चौकी मी महाराष्ट्राच्या आत पहिल्यांदाच बघत होतो.

हेमलकसा गेलं आणि पर्लकोटा आली. नदीवरचा जुना पूल इतका ठेंगणा, की बसमधून हात खाली केला तर पाण्याला लागेल असं वाटावं. शेजारी नव्या उंच पुलाचं काम चालू होतं. मामा म्हणाला, "पावसाळ्यात हा पूल दिसत नाही. नदी वरून जाते. मग भामरागडचा रस्ता बंद. किराणा, पेशंट, पोस्ट, सगळं अडकते." गावातल्या एका दुकानदाराने दुकानाच्या भिंतीवर हात ठेवून पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते दाखवलं. त्याचा हात माझ्या खांद्याच्या वर होता.

मला आमचं इंदिरानगर आठवलं. त्याच वर्षी मार्चमध्ये बंगळुरूत पाण्याची टंचाई झाली होती. बोअरवेल आटल्या होत्या आणि आमच्या सोसायटीत टँकरची वाट बघत बादल्यांची रांग लागायची. बंगळुरूला नदी नाही. आमच्या नळाचं पाणी शंभरएक किलोमीटरवरून कावेरीतून पंपाने चढवून आणतात. इथे तीन नद्या दाराशी, आणि त्याच चार महिने दार बंद करतात.

मामाची आश्रमशाळा म्हणजे आपल्याच शाळेचा एक गरीब भाऊ म्हणा. पहाटेची घंटा, हजेरी, रांगेत जेवण, संध्याकाळी मैदान, रात्री अभ्यास. पहिल्या दिवशी मी मुलांबरोबर पंगतीत बसलो तेव्हा वाढप्याची नजर चुकवून दुसऱ्यांदा भात घेणारा मुलगाही दिसला. तो प्रत्येक मेसमध्ये असतोच.

एक फरक मात्र होता. आपल्याकडे घरून येणारी मुलं निदान हिंदी समजतात. इथे पहिलीत येणाऱ्या मुलाला मराठी हीच परकी भाषा असते. घरी तो माडिया बोलतो. मामा म्हणाला, "पहिल्या वर्षी मी शिकवत नाही, शिकतो. पोरं मले माडिया शिकवतात."

त्या संध्याकाळी लहान मुलं लपाछपी खेळत होती. राज्य आलेला मुलगा झाडाला डोकं टेकून मोजत होता, "उंदी, रंड, मुंड, नालुंग..." मी थांबलो. इंदिरानगरमध्ये आमच्या खालची मुलं मोजतात, "ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु." मी मामाला हाक मारली. मामा हसला. "अरे, माडिया ही तुमच्या कन्नडचीच नातेवाईक. गोंडी, माडिया, तेलुगू, कन्नड, सगळ्या द्रविड भाषा. आपली मराठी या घरातली नाही. इथे पाहुणे आपण आहोत."

मग काय, मला नादच लागला. मी मुलांमध्ये बसून एकेका वस्तूवर बोट ठेवायचो. हात? "कै." कन्नडमध्येही कै. डोळा? "कन." कन्नडमध्ये कण्णु. झाड? "मरा." कन्नडमध्ये मर. मासा? "मीन." कन्नडमध्ये मीनु. दगड? "कल." कन्नडमध्ये कल्लु. मुलांना वाटलं हा जादू करतो. बंगळुरूत इतकी वर्षं राहून मला जेवढं कन्नड येतं ते रिक्षावाल्याशी भांडण्यापुरतं. तेवढ्या जोरावर मी हजार किलोमीटरवर मित्र केले. रात्री शेकोटीभोवती मुलींनी हात धरून रेला नाचून दाखवला. त्या रात्री मला वाटलं, मी इथलाच झालो. माझी चूक दुसऱ्या दिवशी झाली.

आश्रमशाळेत बारावीत शिकणारा एक मुलगा होता. माझ्यापेक्षा मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचो. त्याचं आणि त्याच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. रविवारी तो घरी जाणार होता. मामाने मला त्याच्याबरोबर पाठवलं. पहाटे कडाक्याची थंडी होती आणि मामा आंघोळीला गेला होता. मी बॅगेतून जॅकेट काढलं, घातलं आणि वर मामाची शाल गुंडाळली. जंगलात कोण बघतंय, असा विचार केला.

पामुलगौतमच्या काठी डोंगा उभा होता. अख्ख्या झाडाचा बुंधा कोरून केलेली होडी. मधे सरळ बसायचं, हलायचं नाही. एक म्हातारबाबा उभ्याने बांबू रोवत आम्हाला पलीकडे घेऊन गेले. पाणी इतकं स्वच्छ की तळाची वाळू दिसत होती. पलीकडे रुंद वाळवंट होतं. दादाने विचारलं, "तू शाळेत धावतोस ना? चल." मी हाउसच्या क्रॉस कंट्री टीममध्ये आहे, म्हणून मी बुटांच्या नाड्या घट्ट केल्या. तो अनवाणी होता. झाडापर्यंत पोचलो तेव्हा तो बसून काटा काढत होता आणि मला धाप लागली होती. बाकीचं आपल्या टीमच्या उस्तादांना कळू नये.

धावून अंग तापलं, म्हणून मी शाल काढून कमरेला बांधली. जॅकेट आता वर आलं होतं. दादा पुढे चालत होता, त्याने मागे बघितलं नाही. मी विसरूनही गेलो होतो.

तासाभराने गाव आलं. वीस-पंचवीस घरं, बांबूच्या भिंती, अंगणात कोंबड्या आणि डुकराची पिल्लं. मधे गोटुल, म्हणजे गावातली तरुण मुलंमुली जमतात ती मोठी ओसरी. पाहुणा आला तर त्याचाही मुक्काम तिथेच. दादा वाटेत एका माणसाशी बोलायला थांबला, म्हणून मी दोन पावलं पुढे गेलो. पहिल्या अंगणात तीन लहान मुलं खेळत होती. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि ती ओरडली नाहीत, रडली नाहीत, नुसती घराच्या मागे नाहीशी झाली. एक आजी भात कांडत होती. तिचं मुसळ वरच्या वर थांबलं. तिने माझं जॅकेट बघितलं, बारीक कापलेले केस बघितले, बूट बघितले. मग तिने मुसळ हळूच भिंतीला टेकवलं, आत गेली आणि बांबूची ताटी ओढून घेतली.

कुणी मला काही म्हटलं नाही. पण मित्रांनो, आजवर ज्या ज्या शिक्षा झाल्या, मैदानाच्या फेऱ्या झाल्या, त्यातली एकही त्या ताटीच्या आवाजाइतकी लागली नाही.

दादा धावत आला. "सरांनी सांगितलं होतं ना तुला?" एवढंच म्हणाला. त्याने माझ्या अंगातून जॅकेट काढलं, उलटं करून घडी घातली आणि पिशवीच्या तळाशी दाबलं. मग ताटीपाशी जाऊन माडियात बोलत राहिला. ती त्याचीच आजी होती.

मी टी-शर्टमध्ये कुडकुडत अंगणात उभा राहिलो, सावधान. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं. आपले ड्रिलचे उस्ताद नेहमी सांगतात, "वर्दी माणसाच्या आधी पोचते, म्हणून ती नीट ठेवा." मी त्याचा अर्थ इस्त्री आणि पॉलिश एवढाच घेत होतो. माझं जॅकेट तर खरी वर्दीही नव्हतं. तरी ते माझ्या आधी त्या अंगणात पोचलं होतं, आणि माझ्याबद्दल जे सांगायचं ते सांगून मोकळं झालं होतं.

बऱ्याच वेळाने आजी बाहेर आली. माझ्याजवळ येऊन तिने माझ्या डोक्यावरून उलटा हात फिरवला आणि दादाला काहीतरी विचारलं. दादा हसला. "विचारते, ताप येऊन केस गेले का?" मी मान हलवली. काय बोलावं कळेना, म्हणून झाडाकडे बोट दाखवून म्हणालो, "मरा." मग माझ्या हाताकडे, "कै." मुलं घरामागून डोकावली. आजीच्या तोंडावर हसू आलं की नाही ते सांगता येणार नाही, पण तिने आत जाऊन तुंब्यातून जावा आणली. जावा म्हणजे धान्याची पातळ आंबील. पानाच्या द्रोणात ओतून माझ्या हातात दिली. ती आंबट आणि गार होती. मी दोन द्रोण प्यायलो.

जेवण झाल्यावर दादा मला गावाबाहेर घेऊन गेला. तिथे झाडांखाली दगड उभे होते. काही गुडघ्याएवढे, काही माझ्यापेक्षा उंच, काही शेवाळलेले, काही नवे. माडिया लोक माणूस गेल्यावर त्याच्या आठवणीसाठी असा दगड उभा करतात. भावकीतली माणसं जमतात, दगड शोधून वाहून आणतात आणि रोवतात. त्यावर नाव नसतं, चित्र नसतं. तरी कोणता कुणाचा ते गावाला माहीत असतं.

"कल," मी म्हणालो.

"हो, कल."

मला एकदम बंगळुरूचा शब्द आठवला, वीरगल्लु. लढाईत पडलेल्या योद्ध्याचा दगड. आपल्या मराठीतला वीरगळ हा शब्दही त्या कन्नड शब्दातूनच आलेला. म्हणजे वीरगळ म्हणताना आपण सगळे नकळत हाच 'कल' म्हणत असतो. मी दादाला हे सांगितलं. वीरगळावर योद्धा कसा कोरलेला असतो, हातात तलवार, वरच्या भागात त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग एका दगडावर हात ठेवून म्हणाला, "हा माझ्या काकाचा. तो लढायला गेला नव्हता. जंगलात गेला होता. गोळी लागली."

"कोणाची?"

"ते आजी सांगत नाही. मीही विचारत नाही. तिला कपड्याचा रंग तेवढा माहीत आहे. आणि रंग दोन्हीकडचा हिरवाच असतो."

मी गप्प झालो. मी तिथे सॅल्यूट करायला हवा होता की नव्हता, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी केला नाही. एक लहान खडा पडला होता तो उचलून दगडाच्या पायथ्याशी नीट ठेवला.

परतताना वाळवंटात दादा अचानक म्हणाला, "मी पोलीस भरतीची तयारी करतोय. सोळाशे मीटर. म्हणून रोज धावतो."

मला विश्वास बसेना. "आजीला माहीत आहे?"

"नाही."

"मग का?"

तो थोडा वेळ चालत राहिला. "वर्दीतला माणूस दारात येऊन माडियात बोलला, तर आजी ताटी लावणार नाही. निदान ऐकून तरी घेईल. बाहेरून आलेल्याला ते जमत नाही. मला जमेल." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुला पण जमलं थोडं. केस गेलेले असून."

रात्री मी मामाला सगळं सांगितलं. मार बसेल असं वाटलं होतं. त्याने नुसता कंदील बारीक केला. म्हणाला, "या रंगाचे कपडे घालून जंगलात फिरणारा माणूस लांबून कुणालाही कुणीही वाटू शकते. तुह्या जीवाची भीती होती मले. ते सांगायचं राहिलं, ती माही चूक." मग त्याने दुसरी बाजूही सांगितली. ८ ऑक्टोबर २००९ ला याच तालुक्यात लाहेरीजवळ नक्षलवाद्यांनी केलेल्या हल्ल्यात सतरा पोलीस मारले गेले. १९९० मध्ये गडचिरोली पोलिसांनी नक्षलवाद्यांशी लढायला जी सी-६० तुकडी उभी केली, तिच्यात याच जिल्ह्यातली, याच भाषा बोलणारी मुलं आहेत. "त्या सतरा जणांच्याही घरी आज्या होत्या," मामा म्हणाला. "एकाच आजीची गोष्ट घेऊन बंगळुरले जाऊ नको." ते वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

निघायच्या आदल्या दिवशी हेमलकशाला गेलो. तिथला लोकबिरादरी प्रकल्प बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी पुढची सारी वर्षं तिथेच काढली. २००८ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दवाखाना, शाळा आणि जखमी किंवा पोरक्या वन्यप्राण्यांचं अनाथालय बघायला लांबून लोक येतात. मीही बिबट्याजवळ सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो. पण मला घेऊन जावी अशी गोष्ट वेगळीच सापडली. सुरुवातीला त्यांच्याकडे माडिया पेशंट येतच नव्हते. बाहेरच्या माणसाला बघून लोक जंगलात निघून जायचे. डॉक्टरांनी आधी माडिया शिकून घेतली. औषध नंतर, शब्द आधी. अंगावर वर्दी नसलेल्या डॉक्टरांनाही ताटीबाहेर थांबावं लागलं होतं, हे ऐकून मला थोडं बरं वाटलं.

इंदिरानगरला परत आल्यावर आईने बॅग उघडली. जॅकेट तळाशी होतं, उलटंच, दादाने घातलेल्या घडीत. मी ते धुऊन कपाटात ठेवलं. फेकलं नाही, कारण चूक जॅकेटची नव्हती. एका रविवारी बाबांबरोबर बेगूरला गेलो. आमच्या घरापासून ते फार लांब नाही, तरी इतक्या वर्षांत आम्ही कधी गेलो नव्हतो. तिथल्या जुन्या शिवमंदिरात इसवी सन ८९० च्या सुमाराचा एक शिलालेख आहे. बंगळुरूच्या लढाईत मारल्या गेलेल्यांची त्यात नोंद आहे. बंगळुरू हे नाव सापडतं असा हा फार जुना पुरावा मानतात. म्हणजे आमच्या एवढ्या मोठ्या शहराचं नाव टिकलं ते मेलेल्या माणसांच्या आठवणीच्या एका दगडामुळे. बाबा फोटो काढत होते. मी पामुलगौतमच्या पलीकडचा तो नाव नसलेला दगड आठवत होतो.

मला अजूनही अधिकारीच व्हायचं आहे. कुणाला वाटेल की हा घाबरून आला, तर तसं नाही. उलट आता जास्त पक्कं आहे. फक्त आरशात दिसतो त्यासाठी नाही. वर्दी आधी पोचते हे उस्तादांचं म्हणणं खरंच आहे. मागून पोचणाऱ्या माणसाला चार शब्द समोरच्याच्या भाषेत यायला हवेत, एवढं मी त्यात माझ्यापुरतं जोडून घेतलं आहे. आपल्यापैकी कुणाची नेमणूक कुठे होईल, सांगता येत नाही. नागालँड, लडाख, बस्तर. प्रत्येक ठिकाणी एखादी आजी भात कांडत असेल. सध्या मी कन्नडची बाराखडी गिरवतो आहे. आमच्या इमारतीचे वॉचमन काका माझ्या उच्चारांना हसतात, पण शिकवतात.

परवा रविवारी मामाचा फोन आला. दादाने आजीला भरतीचं सांगून टाकलं म्हणे. मी विचारलं, "मग? काय म्हणाली?"

मामा म्हणाला, "काही बोलली नाही. दोन दिवस बोललीच नाही. पण आता घरी असला की पहाटे तो धावायले जाते, तवा त्याच्याआधी उठते. परत येईपर्यंत तुंब्यात जावा भरून ठेवते."

— एक कॅडेट, इयत्ता दहावी